उजाडायच्या आधीचं घर

मालेगावात हिवाळ्याचा दिवस काळोखा नसतो. डिसेंबरातल्या दुपारी मोसम पुलावर उभं राहिलं तर ऊन टोचतं, स्वेटर काढून हातात धरावा लागतो. काळोख असतो तो पहाटेचा. दिवस मावळला की काळी जमीन साठवलेली ऊब सोडू लागते. वर आभाळ निरभ्र, हवा कोरडी, ऊब अडवायला ढग नाही. रात्रभर जमीन निवत राहते आणि सगळ्यात गार घटका येते ती उजाडण्याच्या अगदी तोंडावर. हवामान खातं मैदानी भागात थंडीची लाट कधी म्हणतं, तर किमान तापमान १० अंशांवर किंवा खाली आलं आणि ते सरासरीपेक्षा साडेचार अंशांनी तरी कमी असलं तर. दर हिवाळ्यात या व्याख्येच्या आसपासच्या काही पहाटा आपल्या वाट्याला येतात. निफाडचा पारा पेपरात पहिल्या पानावर, आपला आतल्या पानावर. असू दे, थंडीत कसली चढाओढ?

तर हे मनन पहाटेचं आहे. तुम्ही ते दुपारी वाचत असाल तरी चालेल. वाचून ठेवा, आणि उद्या जाग आली की आठवेल तेवढं करा.

जाग आली आहे. अजून अंधार आहे. उठू नका.

मोबाइल उशाशी असेल तर तो तिथेच राहू द्या. किती वाजले हे आत्ता कळायची गरज नाही. श्वास मुद्दाम लांबवू नका, मोजू नका; फक्त नाकाशी गार आणि घशाशी कोमट होणारी हवा लक्षात येऊ द्या. आता पायांकडे या. मग पाठीकडे. अंगावर जे आहे त्याचं वजन जाणवू द्या. ब्लँकेट असेल तर ब्लँकेटचं. गोधडी असेल तर तुमच्या नशिबात आणखी दोन घटका आहेत, कारण गोधडीवर बोलण्यासारखं पुष्कळ आहे.

हात गोधडीवरून सावकाश फिरवा. बोटांना धावदोरा लागेल. एक ओळ, तिला लागून दुसरी, मध्येच वाकडी गेलेली, मग पुन्हा रांगेत आलेली. आत जुन्या लुगड्यांचे, धोतरांचे थर आहेत. कुणाचं लुगडं होतं हे घरातल्या एखाद्या माणसाला अजून सांगता येत असेल; नसेल तर ते माणूसही गेलं आणि लुगडं मात्र उरलं. या थरांमध्ये हवा अडकलेली आहे आणि ती हललेली नाही. सगळी करामत तेवढीच. गोधडीत स्वतःची उष्णता काहीच नसते. स्वस्थ पडलेलं माणूस साधारण शंभर वॉटच्या जुन्या पिवळ्या बल्बाइतकी ऊब सतत बाहेर टाकत असतं. ती उडून जाऊ नये एवढंच हे चिंध्यांचं काम. तुम्हाला आत्ता जे सुख वाटतं आहे ते रात्रभर तुमच्याच अंगातून निघालेलं आहे. शेजारी लेकरू निजलं असेल तर थोडं त्याच्याही अंगातलं.

यावर जरा थांबा. सुख बाहेरून आणावं लागतं, विकत घ्यावं लागतं, असा आपला रोजचा समज असतो. पांघरुणाखाली तो टिकत नाही.

आणि लुगडं म्हटलं की मालेगावात बसून ते कुणी विणलं हा विचार येणारच. १८५७ नंतरच्या धामधुमीत आणि पुढच्या दुष्काळात उत्तरेकडचे मोमीन विणकर आग्रा रोडने खाली आले आणि मोसम-गिरणेच्या या संगमावर थांबले. त्यांच्या हातमागांवर रंगीत लुगडी निघाली, पुढे विजेचे माग आले, आता बहुतेक कोरं कापड निघतं. बाहेरगावी मालेगावचं नाव काढलं की लोकांना भलत्याच गोष्टी आठवतात. त्या आज बाजूला ठेवू. तुमच्या अंगावरच्या गोधडीतला एखादा थर नदीच्या पलीकडे विणला गेला असेल, नेसला गेला नदीच्या अलीकडे, आणि फाटल्यावर शिवला गेला एखाद्या खेड्यातल्या ओसरीवर. विणणारा माणूस, नेसणारी बाई आणि शिवणारी सुई यांची एकमेकांशी ओळख नव्हती. तुम्ही त्या सगळ्यांच्या खाली झोपला आहात.

आता कान.

शुक्रवार असेल तर गावात शांतता असेल. आठवड्याची सुटी मागांना शुक्रवारी असते. बाकीच्या दिवशी मागांच्या वस्तीत किंवा तिच्या जवळपास राहत असाल तर खटखट ऐकू येईलच. एकेक धोटा मिनिटाला शंभरावर वेळा इकडून तिकडे जातो, आणि असे माग या गावात लाखांवर आहेत. परगावचा पाहुणा पहिल्या रात्री या आवाजाने झोपत नाही. आपण आवाज थांबला की जागे होतो: वीज गेली वाटतं!

हा आवाज चांगला की वाईट ते ठरवू नका. नुसता ऐका. त्यामागे एक माणूस उभा आहे, रात्रपाळीचा. डोक्यावर पत्रा आहे, आणि पत्रा रात्री बाहेरच्या हवेपेक्षाही गार पडतो, कारण तो सरळ आभाळाकडे उष्णता फेकत असतो. हिवाळ्याच्या कोरड्या हवेत सूत जास्त तुटतं. तुटलं की माग थांबवायचा, टोक शोधायचं, गाठ मारायची. गारठलेल्या बोटांनी गाठ मारायची. त्याची पाळी अजून सुटलेली नाही.

दुसरा माणूस ऐकू येत नाही, तो गावाबाहेर आहे. शेतीपंपाला थ्री-फेज वीज पाळीपाळीने मिळते, आणि रात्रीची पाळी आली की दाभाडी, सौंदाणे, झोडग्याकडचा शेतकरी कांद्याला पाणी द्यायला मध्यरात्री उठतो. गुडघाभर चिखल, हातात बॅटरी, डोक्याला मफलर. हिवाळ्यातलं सगळ्यात थंड काम बहुधा हेच. उजाडलं की बायकांच्या टोळ्या छोट्या टेम्पोत बसून उन्हाळ कांद्याच्या लागवडीला निघतील. ओल्या वाफ्यात वाकून रोपं लावायची असतात, आणि रोपाला हातमोजे चालत नाहीत.

या माणसांची आठवण मी काढतो ती तुमचं सुख कडू करायला नाही. अपराधी वाटून घेतल्याने कुणाच्या वाफ्यात वीज दिवसा येत नाही. पण बाहेर कोण आहे हे ज्याला ठाऊक नाही त्याला आपण आत आहोत हेही नीट कळत नाही, असं माझं मत आहे. एवढं ध्यानात घ्या आणि पांघरूण परत गळ्यापर्यंत ओढा. थोडा वेळ अजून आहे.

किती वेळ? इथे जरा सूर्याचा हिशेब करू. मला तो फार आवडतो, आणि अंधारात पडल्या पडल्या करण्यासारखा आहे.

सगळ्यात लहान दिवस २१-२२ डिसेंबरचा. मालेगावात तो अकरा तासांना पाच-सात मिनिटं कमी भरतो. साहजिकच वाटतं की त्या दिवशी सूर्य सगळ्यात उशिरा उगवत असेल. तसं होत नाही. सगळ्यात लवकरची सांज नोव्हेंबरच्या शेवटीच होऊन गेलेली असते, सहाला दहा कमी असताना. डिसेंबरात संध्याकाळ हळूहळू लांबायला लागलेलीही असते. सकाळ मात्र उलट्या दिशेला चाललेली. ती रोज थोडी उशिरा, आणखी उशिरा, अशी जानेवारीच्या मध्यापर्यंत मागे सरत जाते आणि सव्वासातला तीन-चार मिनिटं राहिली असताना थांबते. पृथ्वीची कक्षा पुरती गोल नाही आणि तिचा आस कललेला आहे, त्यामुळे सूर्याचं मध्यान्ह आणि घड्याळाचे बारा यांचं वर्षभर जुळत नाही. या दिवसांत सूर्य रोज अर्ध्या मिनिटाच्या आसपास मागे पडत जातो. त्यात आपलं घड्याळ साडेब्याऐंशी अंश रेखांशावर लावलेलं, आणि मालेगाव साडेचौऱ्याहत्तरच्या जवळ. ती बत्तीस मिनिटं वेगळी.

म्हणजे मार्गशीर्ष-पौषात आपल्याकडे अंधार वाढतो तो सकाळच्या बाजूने. डेन्मार्कात कोपनहेगनला याच दिवसांत सूर्य जेमतेम सात तास दिसतो, दुपारी पावणेचारच्या आत मावळतो. तिथली माणसं मग लांबलचक संध्याकाळी घरात मेणबत्त्या लावून, लोकरीचे मोजे चढवून, कॉफी घेऊन बसतात आणि त्या बसण्याची त्यांनी जगभर कीर्ती केली आहे. करोत. पण त्यांच्या संध्याकाळची नक्कल मालेगावात करायला गेलं तर हसू येईल. साडेपाचला इथे अजून ऊन असतं. आपलं हिवाळी सुख दिवसाच्या दुसऱ्या टोकाला आहे, आणि आपल्या लोकांनी ते बरोबर हेरलेलं होतं.

सूर्य धनू राशीत असतो तो महिना, साधारण १६ डिसेंबरपासून मकर संक्रांतीपर्यंतचा, म्हणजे धुंधुरमास. कुणी झुंझुरमास म्हणतं. त्यात पहाटे स्वयंपाक करून, उजाडताना गरम गरम जेवायची पद्धत. नैवेद्य आणि जेवण, दोन्ही सूर्योदयाच्या वेळेला. मुगाची खिचडी, बाजरीची भाकरी, लोणी, वांग्याचं भरीत. आता वरचा हिशेब पुन्हा पाहा: सकाळ मागे मागे जात असते त्यातले शेवटचे तीस दिवस म्हणजे हेच. आणि सकाळ पुन्हा पुढे यायला लागते ती संक्रांतीच्याच सुमाराला. हे कुणी ठरवून जुळवलं असा माझा दावा नाही. अयनांश सरकतात, शतकं गेली की तारखाही सरकतात. पण आज, आपल्या हयातीत, ते जुळलेलं आहे.

बऱ्याच घरांतून धुंधुरमास कधीच पाळला जात नव्हता. शेतकऱ्याच्या घरात त्याला नाव नव्हतं इतकंच. माणसं उजाडायला वावरात पोचायची तर भाकरी अंधारातच थापली जाई. आळशी माणसाला थंडीत पांघरुणातून काढायचं तर धाक कामाचा नाही, खिचडीवरच्या तुपाचा दाखवावा लागतो, एवढं ज्याने ओळखलं तो माणूस मला फार शहाणा वाटतो.

चला, आता उठा.

पाय जमिनीवर टेका. फरशी चावेल. चपला शोधण्याची घाई नको, पाच श्वास तो गारवा तळव्यांना लागू द्या. जुन्या धाब्याच्या घरात हा धक्का कमी असे. हातभर जाड मातीच्या भिंती दुपारचं ऊन पिऊन ठेवत आणि रात्रभर थोडंथोडं आत सोडत. स्लॅबच्या घरात तेवढा धीर नाही. दार उघडून अंगणात, गॅलरीत, गच्चीवर, जिथे शक्य असेल तिथे क्षणभर या. पूर्वेकडे तोंड करा. नव्या वर्षाच्या आसपासचे दिवस असतील आणि साडेपाच वाजले असतील तर समोर उंचावर एक तांबूस चांदणी दिसेल, ती स्वाती. तिच्या उजव्या हाताला, दक्षिणेकडे, पांढरी चित्रा. डावीकडे उत्तरेला सप्तर्षी चांगले वर आलेले. तोंडातून वाफ निघते का पाहा. लहानपणी आपण काडी ओठांत धरून विडी ओढल्याचं सोंग करायचो. आत्ता कुणी बघत नाही.

थोड्या वेळाने एखाद्या मशिदीतून फजरची अजान होईल. देवळात काकडा सुरू होईल. संगमेश्वराकडे असाल तर दोन्ही ऐकू येईल.

आत या आणि दार लावून घ्या. दार लागण्याचा आवाज ऐका. या सगळ्या मननात एकच क्षण लक्षात ठेवायचा असेल तर हा ठेवा: गारठा पाठीमागे राहिला, आणि आत गॅसची निळी ज्योत किंवा चुलीचा लाल उजेड. भांड्यावर हात धरा. वाफ तळव्याला लागेपर्यंत धरा.

वाग्भटाच्या अष्टांगहृदयात हेमंताची ऋतुचर्या दिली आहे. रात्री लांब असल्यामुळे माणसाला सकाळीच भूक लागते, थंडीने जठराग्नी प्रबळ होतो, तेव्हा स्निग्ध आणि जड अन्न खावं, असं तो सांगतो. पुढे निखाऱ्यांनी उबवलेल्या आतल्या खोल्यांत राहणाऱ्यांना थंडीचा त्रास होत नाही, हेही आहे. हजाराहून अधिक वर्षांपूर्वीच्या वैद्याने घरात उबेला बसायची चिठ्ठी लिहून दिली आहे म्हणा ना. फक्त एक ध्यानात ठेवा. त्याच्या खोल्यांना आपल्या खिडक्यांसारख्या घट्ट बसणाऱ्या काचा नव्हत्या. कोळशाची शेगडी बंद खोलीत पेटती ठेवून झोपू नका. तिच्यातून निघणाऱ्या कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो, रंग नसतो, आणि झोपलेल्या माणसाला तो जागं करत नाही.

आता पीठ मळा. घरात हे काम दुसरं कुणी करत असेल तर आज शेजारी बसा, निदान पाण्याचं भांडं पुढे करा. बाजरीचं पीठ ताजं हवं. या धान्यात स्निग्धांश बराच, त्यामुळे पीठ पडून राहिलं की कडवट होतं. म्हणून ते थोडंथोडं दळून आणायचं. गव्हासारखा चिकटा तिच्यात नाही, तेव्हा पाणी कढत घ्यायचं. तळहाताच्या टाचेने रगडत राहा. आधी पीठ ऐकत नाही, मग एकदम ऐकतं. बोटांचा गारठा कधी गेला ते तुम्हाला कळणार नाही. कळलं नाही याचीच नोंद घ्या. परातीत थापताना भाकरी फिरते, कडेने चिरा पडतात, बोटाने त्या सांधायच्या. वरून तीळ. तव्यावर टाकली की पाण्याचा हात फिरवायचा, आणि ते पाणी सुकण्याची वाट बघायची. ही वाट फार तर अर्ध्या मिनिटाची. या अर्ध्या मिनिटात दुसरं काहीही करू नका.

वांगं आधीच भाजायला ठेवलं असेल. चंपाषष्ठीनंतर वांग्याला चव येते, असं म्हणायची पद्धत आहे. खरं म्हणजे चातुर्मासात न खाल्लेलं वांगं मार्गशीर्षात खंडोबाला भरीत-रोडग्याचा नैवेद्य दाखवल्यावरच ज्यांच्या घरात सुरू होतं, त्यांना चार महिन्यांची भूक असते. खंडोबाचं इथे नातं जवळचं. गिरणेकाठचं चंदनपुरी मालेगावला लागूनच. सारीपाटात म्हाळसेकडून हरलेला देव जेजुरी सोडून बारा वर्षं इथे बाणाईच्या वाड्यावर मेंढ्या राखायला राहिला, ही धनगरांची कथा. पौष पौर्णिमेला तिथे यात्रा भरते. मला या कथेतला देवाचा हिवाळा दिसतो. गादी सोडलेली, नाव लपवलेलं, अंगावर घोंगडी, भोवती मेंढ्या. मेंढ्यांच्या कळपाशेजारी निजणाऱ्याला थंडी कमी वाजते, हे कुठलाही मेंढपाळ सांगेल. बारा वर्षांत त्याला जेजुरीची आठवण किती वेळा आली असेल, कोण जाणे.

वांग्याची काळी साल निघाली की आतून धुरकट वाफ येईल. डोळे मिटून ती घ्या. मग हिरवी मिरची, लसूण, शेंगदाणे, कांद्याची पात, आणि ठेचा.

ताट घेऊन जमिनीवरच बसा, जमत असेल तर. पहिला घास तोंडात फिरवा, गिळायची घाई नको. लोणी वितळलं का पाहा. बोलावंसं वाटलं तर बोला. पहाटेच्या जेवणात आवाज आपोआप खाली येतो. टीव्ही लावू नका. समोरच्या भिंतीवर एव्हाना राखाडी उजेड आला असेल. मग तो पिवळा होईल, कोपऱ्यातलं भांडं चमकेल, बल्ब उगाचच चालू आहे हे कुणाच्या तरी लक्षात येईल आणि तो बंद होईल. खाली रस्त्यावर कोपऱ्याच्या शेकोटीवर पुठ्ठे, काड्या जळत असतील. रात्रपाळी सुटलेला एखादा तिथे टेकायला येईल, आणि "बठ रे भो" म्हणून बाकीचे सरकतील. सरकून जागा करण्यात शेकोटीचा काही तोटा होत नाही.

ढगाळ पहाट उगवली तर मात्र हे सारं मनन बाजूला ठेवा. डिसेंबर-जानेवारीतलं ढगाळ आभाळ म्हणजे इथे अवकाळीची भीती, कांद्यावर करपा, बागलाणातल्या द्राक्षावर डोळे लागलेले. त्या दिवशी घरात ऊब असली तरी कुणाचं मन घरात नसतं, आणि नसावंही.

संक्रांतीला धुंधुरमास संपतो. मग सकाळ रोज थोडी लवकर होत जाते, महाशिवरात्रीपर्यंत गोधड्या धुऊन वाळत पडतात, आणि मे महिन्यात याच गावात चाळिशी ओलांडलेला पारा घेऊन आपण सावली शोधत फिरतो. दिवस थोडे आहेत. तेव्हा एक पहाट ठरवाच. मूग-तांदूळ रात्री काढून ठेवा, बाजरी दोन दिवस आधी दळून आणा, आणि तुमच्या बिल्डिंगमध्ये, गल्लीत, कुणी आजी-आजोबा एकटे राहत असतील तर त्यांना आदल्या दिवशीच सांगून ठेवा: उद्या सहाला आमच्याकडे जेवायला या, शाल घेऊन या.